छडी, दाखला आणि शंभर टक्के निकाल

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम १ एप्रिल २०१० रोजी अमलात आला, तेव्हापासून त्याच्या दोन कलमांविरुद्ध एक तक्रार अखंड चालू आहे. कलम १७ ने मुलाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि त्याचा मानसिक छळ करण्यास मनाई केली. कलम १६ ने पहिली ते आठवी या टप्प्यात मुलाला त्याच वर्गात मागे ठेवण्यास आणि शाळेतून काढून टाकण्यास मनाई केली. या दोन मनायांमुळे शिक्षकाच्या हाती काही उरले नाही, अभ्यासाचा धाक गेला, वर्गातली शिस्त मोडली आणि शिक्षकाचा मान उतरला, असे तक्रार करणाऱ्यांचे म्हणणे आहे, आणि शिक्षकांच्या खोलीत, पालकसभेत, संस्थाचालकांच्या बैठकीत ते इतक्या सहजपणे मांडले जाते की ते तपासून पाहण्याची गरज क्वचितच कोणाला वाटते. या लेखाचा पक्ष त्याच्या विरुद्ध आहे. शाळेला न पेलणाऱ्या मुलाला हळूहळू शाळेबाहेर घालवण्याची एक जुनी प्रक्रिया आपल्याकडे चालत आली असून छडी ही तिची पहिली पायरी आणि शाळा सोडल्याचा दाखला ही शेवटची पायरी आहे. या प्रक्रियेलाच शिस्त हे नाव पडल्यामुळे तिच्यावरचा आघात शिस्तीवरचा आघात वाटतो.

तक्रारीच्या मुळाशी असलेले गृहीत असे, की पूर्वी धाक होता म्हणून शिक्षण होत होते. कायदा येण्यापूर्वी धाक किती होता, याविषयी पुरेशी माहिती उपलब्ध आहे. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची मते घेतली होती, आणि शाळेत जाणाऱ्या मुलांपैकी ६५ टक्के मुलांनी, म्हणजे दर तिघांतील जवळजवळ दोघांनी, शारीरिक शिक्षा झाल्याचे सांगितले होते. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने २००९-१० मध्ये सात राज्यांत केलेल्या अभ्यासात शिवीगाळ आणि अपमान यांचाही विचार झाला होता, आणि ६,६३२ मुलांपैकी आपल्याला कोणतीच शिक्षा झालेली नाही असे म्हणणारी मुले अवघी नऊ निघाली. धाकाची कमतरता नव्हती, हे एवढ्यावरून स्पष्ट होते. आता त्याच काळातले शिक्षण पाहावे. ग्रामीण भागातील मुलांचे वाचन आणि गणित घरोघरी जाऊन तपासणाऱ्या ‘असर’ या पाहणीत २००९ आणि २०१० या दोन्ही वर्षी पाचवीतल्या निम्म्याहून जेमतेम अधिक मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता. छडी जवळपास प्रत्येक वर्गात होती, पुष्कळ ठिकाणी नापास करण्याची मुभाही होती, आणि तरी पाचवीतल्या निम्म्याच्या आसपास मुलांना तेवढेही वाचता येत नव्हते.

कायद्यानंतरच्या दोन वर्षांत हे प्रमाण आणखी खाली गेले, हे खरे आहे, आणि कायद्याचे टीकाकार तेवढाच उतार दाखवतात. परंतु मुलाला मागे ठेवू नये असे सांगणाऱ्या याच कायद्याने सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापनही सांगितले होते. म्हणजे वर्षाअखेरच्या एका परीक्षेऐवजी मूल कुठे अडते हे वर्षभर पाहत राहावे आणि अडेल तिथे लगेच हात द्यावा, अशी पद्धत. पुष्कळ ठिकाणी तिचे रूपांतर नोंदवह्या भरण्यात झाले आणि हात देण्याचे काम राहून गेले. जी मदत द्यायची होती ती दिली गेली नाही, याचे खापर मुलाला न मारण्यावर आणि नापास न करण्यावर फोडणे हा न्याय नव्हे.

“आम्हीही मार खाल्ला, म्हणूनच घडलो” हे या वादातले सर्वांत लोकप्रिय विधान आहे, आणि ते करणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. त्यातली चूक वेगळी आहे. हे विधान करणारी व्यक्ती डॉक्टर असते, मुख्याध्यापक असते, निवृत्त अधिकारी असते; म्हणजे ती शाळेत टिकून राहिलेल्यांपैकी असते. तिच्याबरोबर पहिलीच्या हजेरीपटावर ज्यांची नावे होती आणि सातवीच्या पटावर नव्हती, त्यांची साक्ष या वादात कधी येतच नाही. अंगठे धरून उभे राहण्याची, कोंबडा होण्याची, भर वर्गात ‘ढ’ म्हणवून घेण्याची वेळ ज्याच्यावर रोज आली आणि एके दिवशी जो शाळेकडे न वळता गुरांमागे, गॅरेजात किंवा वीटभट्टीवर गेला, तो पुढे पालकसभेत उभा राहून माराचे गुण गात नाही. मार खाऊनही जे घडले त्यांच्यावरून मारामुळे माणूस घडतो हा निष्कर्ष काढायचा, तर मारामुळे जे गेले त्यांचीही मोजदाद करावी लागेल. भारतातील आंध्र प्रदेश व तेलंगणा यांसह चार देशांतल्या मुलांचा वर्षानुवर्षे माग काढणाऱ्या ‘यंग लाइव्ह्ज’ या अभ्यासात शाळा नावडण्याची कारणे मुलांनाच विचारली गेली, तेव्हा शिक्षकांचा मार व अपमान आणि इतर मुलांची दांडगाई हे कारण सर्वांत पुढे आले. शाळा नको वाटणे आणि शाळा सुटणे यांत गरीब घरात फार अंतर नसते.

दुसरा आधार परंपरेचा घेतला जातो: गुरूने शिष्याला ताडन करणे ही आपली रीत असून त्यावरील बंदी परक्यांकडून उसनी आणलेली आहे, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात गौतम धर्मसूत्रासारख्या प्राचीन ग्रंथात सामान्य नियम असा आहे की शिष्याला वळण लावताना मारू नये. अगदीच नाइलाज झाला तर बारीक दोरी किंवा वेळूची पातळ कांब वापरावी. आणि याखेरीज दुसऱ्या कशाने मारणाऱ्या गुरूला राजाने दंड करावा. म्हणजे सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या शास्त्रकारालाही गुरूचा हात मोकळा सोडणे धोक्याचे वाटत होते. उलट आधुनिक शाळेतल्या छडीला जे कायदेशीर संरक्षण मिळत आले, ते इंग्रजी कायद्याचे देणे आहे. शिक्षक हा पालकाच्या जागी असतो आणि म्हणून पालकाचा मारण्याचा अधिकार त्याच्याकडे येतो, असे ते तत्त्व होते. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ८९ ने बारा वर्षांखालील मुलाच्या हितासाठी, पालकाच्या संमतीने आणि सद्भावनेने केलेले कृत्य गुन्हा मानले नाही, आणि मारणाऱ्या शिक्षकाच्या बचावासाठी या कलमाचा आधार घेतला जात राहिला. तीच तरतूद २०२४ मध्ये लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही कायम आहे. दिल्लीच्या १९७३ च्या शालेय शिक्षण नियमांत तर तळहातावर जास्तीत जास्त दहा छड्या मारण्याची लेखी परवानगी होती आणि आजारी मुलाला मारू नये अशी पुस्तीही जोडलेली होती. डिसेंबर २००० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती तरतूद घटनाबाह्य ठरवून रद्द केली. ज्या इंग्लंडकडून हे तत्त्व आले तेथील सरकारी शाळांतून छडी १९८७ मध्येच गेली होती.

परंपराच शोधायची तर ती जवळच सापडते. भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाई बधेका यांनी शिक्षा आणि बक्षिसे ही दोन्ही बालशिक्षणातून वर्ज्य मानली, आणि त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तोच विचार मराठी मुलखात आणून बोर्डी आणि पुढे कोसबाड येथे वारली मुलांमध्ये रुजवला. तिथली मुले शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरे राखायची असत. अशा मुलांची गैरहजेरी मांडून त्यांची नावे पटावरून कमी करणे हा प्रचलित मार्ग होता. ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी कुरणशाळा काढली. मुले जिथे गुरे चारत होती तिथे, त्या कुरणात, शाळा गेली. मूल शाळेच्या चौकटीत बसत नाही असे दिसल्यावर मुलाला दोष द्यायचा की चौकट हलवायची, हा प्रश्न या महाराष्ट्रात फार पूर्वी विचारला गेला आहे आणि त्याचे उत्तरही दिले गेले आहे.

शिक्षा सर्वांना सारखी होते, हाही एक समज आहे, आणि तो सर्वांत हानिकारक आहे. शाळेत रोज ज्या कारणांसाठी शिक्षा होते त्यांची यादी पाहावी: उशीर, गणवेश नसणे किंवा मळका असणे, वही नसणे, गृहपाठ न करणे, फी न भरणे, सलग गैरहजेरी. यांतले जवळपास प्रत्येक कारण मुलाच्या स्वभावाशी कमी आणि घरच्या परिस्थितीशी अधिक निगडित आहे. धाकट्या भावंडाला सांभाळून, पाणी भरून शाळेत येणारी मुलगी उशिरा येते. एका खोलीच्या घरात संध्याकाळी दिवा आणि जागा दोन्ही नसलेल्याचा गृहपाठ राहतो. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचे मूल हंगाम संपल्यावर परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. “पालकांना घेऊन ये, तोपर्यंत वर्गात बसू नकोस” ही तर शिक्षाही मानली जात नाही. पण ज्या घरात पालकाचा एक दिवस म्हणजे एका दिवसाची मजुरी असते, किंवा ज्याचे पालक दोनशे किलोमीटरवर कोयता चालवत असतात, त्या मुलासाठी हे वाक्य शाळेचे दार बंद करणारे असते. त्याने पालक आणले नाहीत, तो चार दिवस आला नाही, मग लाजेने आलाच नाही, आणि वर्षाअखेरीस नोंदीत तो गळतीत जमा झाला. गळती हा शब्दच पाहण्यासारखा आहे. त्यात मूल आपोआप गळून पडते, ते कोणी पाडलेले नसते.

वर्गात ठेवूनही मुलाला बाहेर ठेवता येते, हे महाराष्ट्राला नव्याने सांगण्याची गरज नसावी. साताऱ्याच्या शाळेत डॉ. आंबेडकरांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत असे आणि शिपाई नसेल त्या दिवशी पाण्यावाचून राहावे लागत असे. त्यांचे नाव पटावर होते, हजेरी लागत होती, आणि शाळेच्या दृष्टीने सर्व काही नियमाप्रमाणे चालले होते. बालहक्क आयोगाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांनी शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांच्या बरोबरीने भेदभाव हा तिसरा प्रकार मानला, तो याचमुळे. जातीवरून, पालकांच्या धंद्यावरून, २५ टक्के राखीव जागांवर मिळालेल्या प्रवेशावरून टोमणे मारणे, अशा मुलांची वेगळी तुकडी करणे, त्यांच्याकडून झाडलोट करून घेणे हे त्यात येते. त्यांच्या अंगावर वळ उठत नाही, म्हणून तक्रारही उठत नाही.

शिक्षकांच्या बाजूने मांडला जाणारा मुद्दा अधिक गंभीर असून तो टाळता येण्यासारखा नाही. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने फुटपट्टीने मारल्याचा आरोप असलेल्या एका शिक्षिकेची शिक्षा रद्द केली. गोव्यात २००३ च्या बालक अधिनियमाने शाळांतील शारीरिक शिक्षेवर बंदी घातलेली आहे. तरीही मुलाला सुधारण्यासाठी केलेला थोडा बळाचा वापर म्हणजे त्या कायद्यातला बाल-अत्याचार नव्हे, आणि क्षुल्लक गोष्टींवरून आरोपाची भीती राहिली तर शिक्षकांना शाळा चालवणे व शिस्त राखणे कठीण होईल, असे मत न्यायालयाने नोंदवले. एका फटक्यासाठी शिक्षकाला तुरुंगात पाठवावे का, या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी देणे समजण्यासारखे आहे, आणि शिक्षण हक्क कायद्याचे कलम १७ सुद्धा तुरुंगाची भाषा करत नाही. ते सेवानियमांनुसार शिस्तभंगाच्या कारवाईपुरतेच बोलते. मात्र गुन्हा ठरत नाही म्हणून कृती योग्य ठरते, असा अर्थ या निकालातून काढला जातो, आणि त्याला आधार मिळतो तो सुधारण्यासाठी मारणे या कल्पनेचा. हीच कल्पना कायद्याने नाकारलेली आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ मधली शारीरिक शिक्षेची व्याख्या शिस्त लावण्यासाठी किंवा सुधारण्यासाठी हेतुपुरस्सर दिलेली वेदना असेच सांगते. सद्हेतू हा त्या व्याख्येचा भाग आहे, तिच्यातून सुटण्याची वाट नव्हे. मोठ्या माणसाला सुधारण्यासाठी कचेरीत वरिष्ठाने फुटपट्टीने मारले तर त्याच्या हेतूची चौकशी कोणी करत नाही.

शिक्षकाचा त्रास मात्र खरा आहे. दोन शिक्षकांवर चार-पाच इयत्ता चालवणारी जिल्हा परिषदेची शाळा, साठ-सत्तर मुलांची खासगी शाळेतली तुकडी, वर्गातून उठून करावी लागणारी सर्वेक्षणे, रोज भरावी लागणारी ऑनलाइन माहिती, वर्षानुवर्षे रिकाम्या राहिलेल्या जागा यांनी शिक्षक पिचलेला आहे. सहावी ते आठवीसाठी दर ३५ मुलांमागे किमान एक शिक्षक असावा आणि जनगणना, निवडणुका व आपत्ती निवारण यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये, हेही त्याच कायद्यात लिहिलेले आहे. ज्या शिक्षकाला कलम १७ जाचक वाटते, त्याने अशैक्षणिक कामाला मनाई करणाऱ्या कलम २७ साठी तितक्याच जोराने आवाज उठवला असता तर त्याच्या पाठीशी पालकही उभे राहिले असते. शासनाने आणि संस्थेने केलेल्या उपेक्षेची वसुली वर्गातल्या सर्वांत दुबळ्या माणसाकडून करून घेण्याने शिक्षकाचा मान वाढत नाही.

एका दांडग्या मुलामुळे चाळीस मुलांचे नुकसान होते, त्यांच्या हक्काचे काय, असा प्रश्न उरतो. त्या चाळिसांचा हक्क मान्य करूनच त्याचे उत्तर द्यावे लागेल. एकतर असे मूल तसे का वागते याचा शोध शिक्षेमुळे थांबतो. फळ्यावरचे न दिसणारे मूल शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. ऐकू कमी येणारे मूल सूचना पाळत नाही. अक्षरांची उलटापालट होणारे, म्हणजे अध्ययन अक्षमता असलेले मूल वाचनाची पाळी येण्याआधी मुद्दाम गोंधळ घालते, कारण दंगेखोर ठरणे त्याला मूर्ख ठरण्यापेक्षा बरे वाटते. अध्ययन अक्षमतेला दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ ने अपंगत्वाचा दर्जा दिला आहे, पण ती ओळखण्याआधीच असे मूल कित्येकदा शाळेने ‘ओवाळून टाकलेले’ असते. दुसरे असे, की परिमार्जनाची पद्धत उपलब्ध आहे. ज्याने दुसऱ्याचे नुकसान केले त्याने ज्याचे नुकसान झाले त्याच्यासमोर बसून काय घडले ते सांगावे, त्याचे ऐकावे, आणि झालेली हानी भरून काढण्यासाठी काय करणार ते ठरवून ते पार पाडावे, अशी ती आहे. ती सौम्य नाही. अंगठे धरून दहा मिनिटे उभे राहण्यापेक्षा ज्याला मारले त्याच्याकडे पाहून बोलणे मुलाला कितीतरी जड जाते. मारात हिशेब शिक्षक आणि मूल यांच्यात मिटतो आणि ज्याला ढकलले होते तो तिसरा मुलगा बाजूलाच राहतो; परिमार्जनात तो मध्यभागी येतो. या पद्धतीला वेळ लागतो, हा तिच्यावरचा खरा आक्षेप आहे, आणि वेळ देण्यासाठी शिक्षक पुरेसे हवेत, हे वर आलेच आहे.

आता शेवटच्या पायरीकडे, म्हणजे दाखल्याकडे, वळणे आवश्यक आहे. मुलांना नापास न करण्याचे धोरण २०१९ च्या दुरुस्तीने सैल झाले. पाचवी आणि आठवीला परीक्षा घ्यावी, अनुत्तीर्ण मुलाला जादा अध्यापन देऊन दोन महिन्यांत फेरपरीक्षेची संधी द्यावी, आणि तीतही तो अनुत्तीर्ण झाला तर त्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आणि केंद्र शासनाने आपल्या शाळांसाठी डिसेंबर २०२४ मध्ये हा मार्ग स्वीकारला. आठवीपर्यंत शाळेतून काढता येणार नाही ही तरतूद मात्र टिकली आहे, आणि तिचे कौतुक करणाऱ्यांनी तिची मर्यादाही पाहिली पाहिजे. हा कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता आहे. बालवाडीतले मूल त्याच्या अलीकडे राहते आणि नववीतले पलीकडे. २०१४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयानंतर अल्पसंख्याक संस्थांच्या शाळाही त्याच्या कक्षेबाहेर गेल्या आहेत. कायद्याचे कुंपण जिथे संपते नेमके तिथे, नववीत, शाळेने साचवून ठेवलेला निर्णय मुलावर येऊन कोसळतो.

दहावीचा निकाल ही महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळेची सर्वांत मोठी जाहिरात आहे. शंभर टक्के निकालाचा फलक प्रवेशद्वारावर लागतो, त्यावरून पुढच्या वर्षीचे प्रवेश होतात, आणि हा निकाल दहावीला बसलेल्या मुलांवर काढला जातो. म्हणून जे मूल दहावीत अनुत्तीर्ण होईल असे वाटते त्याला दहावीपर्यंत पोहोचू न देणे हा निकाल वाढवण्याचा सर्वांत सोपा उपाय ठरतो. त्याला नववीत नापास केले जाते. मग पालकांना बोलावून “याला दुसरीकडे बघा, नाहीतर १७ नंबरचा फॉर्म भरा” असे सांगितले जाते. १७ क्रमांकाचा अर्ज म्हणजे शाळेत न जाता राज्य मंडळाची परीक्षा खासगी रीतीने देणाऱ्यांसाठी असलेला अर्ज. काम करून शिकू इच्छिणाऱ्या, मध्येच शिक्षण सुटलेल्या प्रौढांना आणि मुलींना त्याने खरोखर दार उघडून दिले आहे. तोच अर्ज चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलाच्या हाती देऊन त्याला वर्गाबाहेर काढण्यासाठी वापरला जातो, ही पद्धत पालकांना, शिक्षकांना आणि शिक्षण खात्याला पुरेशी परिचित आहे. इथे कोणी हात उगारत नाही, आवाजही चढवत नाही. दाखल्यावर ‘पालकांच्या विनंतीवरून’ असा शेरा पडतो आणि वागणूक ‘चांगली’ असल्याचे नमूद होते. त्या मुलाची वागणूक खरोखर चांगली होती. त्याला गणित येत नव्हते, आणि ते शिकवण्याची जबाबदारी असलेल्या शाळेने ते येत नसल्याची शिक्षा त्यालाच दिली.

यावर एक उपाय असा आहे ज्याला नवा कायदा लागत नाही, फक्त मंडळाचा आणि शिक्षण खात्याचा निर्धार लागतो. प्रत्येक शाळेच्या निकालपत्रावर दहावीला बसलेल्या मुलांच्या संख्येबरोबर त्या तुकडीची आठवीतली पटसंख्याही छापावी, आणि मधल्या दोन वर्षांत ज्यांचे दाखले गेले त्यांची कारणे शाळा व्यवस्थापनाने लेखी द्यावीत. समजा, आठवीत ८० मुले होती, दहावीला ६२ बसली आणि ६२ उत्तीर्ण झाली. फलकावर आज १०० टक्के असे लिहिले जाते. वरील नियमाने तिथे ७७.५ लिहावे लागेल, आणि उरलेली १८ मुले कुठे आहेत, या प्रश्नाचे उत्तर शाळेकडून लेखी घ्यावे लागेल.